विश्लेषण : जीव वाचवण्यासाठी मुलाचा डोळा काढा, असा सल्ला २०० वर्षांपूर्वी कोणी दिला? कोण होते जेम्स वॉर्ड्रॉप?

घरात लहान मूल असले की मोबाइलची गॅलरी त्याच्याच फोटोंनी भरून जाते. फ्लॅश टाकून काढलेल्या फोटोत मुलाच्या डोळ्यांच्या बाहुल्या कधी कधी लाल दिसतात. त्यात घाबरण्यासारखे काही नसते. मात्र, एका डोळ्यात लाल आणि दुसऱ्या डोळ्यात पांढरी चमक वारंवार दिसत असेल, तर नेत्रतज्ज्ञांकडे जायला उशीर करू नये. या चमकेची कारणे अनेक असतात. मोतीबिंदू असू शकतो, कॅमेऱ्याचा कोनही असू शकतो. पण त्यातले एक कारण थेट जिवावर बेतणारे आहे, ते म्हणजे रेटिनोब्लास्टोमा, अर्थात डोळ्याच्या आतल्या पडद्याचा कर्करोग.

हा एक वेगळा आजार आहे, तो बहुतेक वेळा आतल्या पडद्यापासून सुरू होतो आणि डोळ्याबाहेर पसरण्याआधी अख्खा डोळा काढला तरच मूल वाचण्याची आशा आहे, असे १८०९ मध्ये एका तरुण स्कॉटिश शल्यविशारदाने पुस्तक लिहून सांगितले. त्यांचे नाव जेम्स वॉर्ड्रॉप. त्या वेळी भूल देण्याची सोय नव्हती. डोळ्याच्या आत डोकावण्याचे उपकरण नव्हते. आणि शस्त्रक्रिया केलेली मुलेही वाचत नव्हती. तरीही त्यांनी हा सल्ला दिला. तो बरोबर होता, हे सिद्ध व्हायला पुढे अनेक दशके लागली.

रेटिनोब्लास्टोमा म्हणजे नेमके काय?

डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला प्रकाश टिपणारा एक पातळ पडदा असतो. त्याला दृष्टिपटल म्हणतात. या पडद्यातल्या अपरिपक्व पेशी बेसुमार वाढू लागल्या की रेटिनोब्लास्टोमा होतो. हा बहुतांशी पाच वर्षांखालच्या मुलांचा आजार आहे. साधारण १५ ते २० हजार जन्मांमागे एका मुलाला तो होतो. जगभरात दरवर्षी सुमारे ८ हजार मुलांमध्ये त्याचे निदान होते. कधी एका डोळ्यात, तर कधी दोन्ही डोळ्यांत तो आढळतो.

धोका असतो तो गाठ पसरण्याचा. डोळ्यातून मेंदूकडे एक जाड नस जाते. दिसलेले दृश्य ती मेंदूपर्यंत नेते. गाठ वाढली की तीच वाट धरून ती मेंदूपर्यंत पोहोचू शकते. दुसरी वाट रक्ताची. गाठ डोळ्याच्या भिंतीतून बाहेर पडून खोबणीतही पसरते. गाठ डोळ्याच्या आत आहे की बाहेर गेली आहे, यावर आजही उपचारांची दिशा ठरते.

कोण होते जेम्स वॉर्ड्रॉप?

जन्म १४ ऑगस्ट १७८२, स्कॉटलंडमधील लिनलिथगोजवळच्या टॉर्बेन हिल या ठिकाणी. कुटुंब एडिंबरामध्ये आल्यावर शिक्षण तिथेच झाले. त्या काळी शल्यविद्या शिकायची तर एखाद्या जाणत्या शल्यविशारदाच्या हाताखाली उमेदवारी करावी लागे. वॉर्ड्रॉप पंधराव्या वर्षाच्या आसपास स्वतःच्या काकांकडे, अँड्र्यू वॉर्ड्रॉप यांच्याकडे शिकू लागले. एकोणिसाव्या वर्षी ते एडिंबराच्या रॉयल इन्फर्मरीत निवासी शल्यचिकित्सक झाले होते. नंतर लंडनला जाऊन त्यांनी अ‍ॅबरनेथी, क्लाइन, अ‍ॅस्टली कूपर अशा त्या काळच्या मोठ्या नावांची व्याख्याने ऐकली.

मग ते पॅरिसला गेले, पण वेळ चुकीची होती. १८०३ मध्ये ब्रिटन आणि नेपोलियनचा फ्रान्स यांच्यातील तह मोडला आणि फ्रान्समध्ये असलेल्या ब्रिटिश नागरिकांची धरपकड सुरू झाली. वॉर्ड्रॉप पोलिसांची नजर चुकवून निसटले आणि थेट व्हिएन्नाला पोहोचले. तिथे योहान जोसेफ बेअर हे नेत्रशल्यविशारद नावारूपाला आलेले होते. डोळ्यांच्या आजारांची गोडी वॉर्ड्रॉप यांना तिथेच लागली. युद्ध भडकले नसते आणि पॅरिसमधला मुक्काम लांबला असता, तर कदाचित ते वेगळ्याच वाटेला गेले असते.

एडिंबराला परतल्यावर १८०४ मध्ये तिथल्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सचे ते फेलो झाले. १८०८ मध्ये डोळ्याच्या विकृतींवरील त्यांच्या ग्रंथाचा पहिला खंड आला. डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला येणाऱ्या सुजेला डॉक्टर आज केरॅटायटिस म्हणतात. हा शब्द रूढ करण्याचे श्रेय वॉर्ड्रॉप यांनाच दिले जाते. त्याच सुमारास त्यांनी एडिंबरा सोडून लंडन गाठले. १८०९ चे ते पुस्तक यानंतरचे.

त्या पुस्तकात काय होते?

विल्यम हे या लीड्सच्या शल्यविशारदांनी १८०३ मध्ये एका प्रकारच्या गाठींना फंगस हीमाटोडीस असे नाव दिले होते. मऊ, मेंदूच्या गरासारख्या, जखम झाली की भळभळ रक्त वाहणाऱ्या आणि कापल्या तरी पुन्हा उगवणाऱ्या या गाठी. बुरशीसारख्या फोफावतात आणि रक्ताळलेल्या असतात, म्हणून हे नाव. नेहमीच्या टणक कर्करोगाहून त्या वेगळ्या दिसत. म्हणून त्यांना मऊ कर्करोग असेही म्हटले जाई.

शरीराच्या वेगवेगळ्या अवयवांत आढळणाऱ्या अशा गाठींचा अभ्यास वॉर्ड्रॉप यांनी या पुस्तकात मांडला. त्यात सर्वात मोलाचा ठरला तो डोळ्यांचा भाग. त्यांनी स्वतः पाहिलेले आणि इतर शल्यविशारदांकडून कळलेले रुग्ण एकत्र केले. त्यातून पहिली गोष्ट पुढे आली ती वयाची. टणक कर्करोग हा सहसा उतारवयाचा आजार, पण डोळ्यातल्या या मऊ गाठी प्रामुख्याने लहान मुलांना होत होत्या.

दुसरी गोष्ट त्यांना चिरफाडीतून कळली. काढलेले किंवा मृत मुलांचे डोळे ते बारकाईने उघडून पाहत. गाठ कुठे चिकटली आहे, डोळ्याचा कोणता थर शाबूत आहे, कोणता नाहीसा झाला आहे, नस जाड झाली आहे का, याच्या नोंदी ठेवत. बहुतेक डोळ्यांत मूळ दृष्टिपटलातच सापडत होते. नसेतून गाठीचा गर मेंदूच्या दिशेने सरकलेला दिसत होता. बिघाड कुठून सुरू झाला आणि कोणत्या मार्गाने पुढे गेला, हे समजले की काय कापायचे आणि कधी कापायचे, हे ठरवता येते. वॉर्ड्रॉप यांनी नेमके हेच केले. आजार एका डोळ्यात सुरू होतो आणि काही काळ तिथेच असतो. तेवढ्या काळात डोळा काढला, तर आजारही बाहेर जाईल. नंतर काढला, तर मुळे आतच राहतील.

आज हे वाचताना अगदी उघड वाटते. पण पेशींच्या पातळीवर सूक्ष्मदर्शकाने गाठी तपासण्याचे शास्त्र तेव्हा जन्मालाही आले नव्हते. साध्या डोळ्यांनी पाहून, हाताने चाचपून त्यांनी हा निष्कर्ष काढला होता. अर्थात त्यांच्या कामाला मर्यादाही होत्या. आज वेगवेगळे मानले जाणारे अनेक कर्करोग त्यांनी फंगस हीमाटोडीस या एकाच नावाखाली घातले होते. सूक्ष्मदर्शकाशिवाय ते वेगळे करणे शक्यही नव्हते.

तेव्हा डोळा काढत कसा?

डोळा काढण्याची शस्त्रक्रिया वॉर्ड्रॉप यांनी शोधलेली नाही. ड्रेस्डेनचे गेऑर्ग बार्टिश यांनी १५८३ मध्ये डोळ्यांच्या आजारांवर जर्मन भाषेत एक सचित्र ग्रंथ छापला. खोबणीबाहेर लोंबू लागलेला डोळा काढण्यासाठी धारदार चमच्यासारखे हत्यार कसे वापरायचे, हे त्यात दाखवले आहे. हे हत्यार खोबणीत खुपसायचे आणि आतले सारे खरवडून बाहेर काढायचे. पुढे चमच्याऐवजी वाकडी सुरी आणि कात्री आली, एवढाच फरक. नेमकी रेषा धरून डोळ्याचा गोळा अलगद वेगळा करण्याचे तंत्र वॉर्ड्रॉप यांच्या तरुणपणी नव्हते.

भूल नाही, जंतूंची कल्पना नाही. दोन-तीन वर्षांच्या मुलाला चार माणसांनी धरून ठेवायचे आणि शल्यविशारदाने जमेल तितक्या झटपट हात चालवायचा. रक्तस्राव थांबवायला खोबणीत कापडाचे बोळे दाबायचे. एवढे सगळे करून गाठ काही आठवड्यांत किंवा महिन्यांत त्याच खोबणीत पुन्हा उगवायची, आधीपेक्षा मोठी. खुद्द वॉर्ड्रॉप यांनी जमवलेल्या नोंदींतही शस्त्रक्रियेनंतर आजार उलटल्याचीच उदाहरणे प्रामुख्याने होती. त्यामुळे अनेक अनुभवी शल्यविशारदांनी असा डोळा काढण्याचा नाद सोडला होता. मूल जाणारच असेल, तर जाण्याआधी त्याचे इतके हाल का करायचे, हा त्यांचा प्रश्न होता. ही माणसे निर्दय नव्हती. उलट मुलाच्या वेदना पाहूनच ती या मतापर्यंत आली होती.

वॉर्ड्रॉप यांनी त्याच अपयशी नोंदींतून वेगळा अर्थ काढला. शस्त्रक्रिया निरुपयोगी आहे, असे त्यातून सिद्ध होत नव्हते. ती उशिरा केली गेली, एवढेच त्यातून दिसत होते. डोळा फुगून बाहेर आला, पापण्या मिटेनाशा झाल्या, रक्त वाहू लागले की मग पालक मुलाला घेऊन येत. तोवर नसेत आणि खोबणीत आजार शिरलेला असे. मागाहून आलेल्या ज्ञानाच्या आधाराने बोलणे सोपे असते, पण या वादात वॉर्ड्रॉप यांचे तर्कशास्त्र अधिक भक्कम होते, असे म्हणावे लागते.

मग सल्ला लगेच का मानला गेला नाही?

लवकर काढा, हे ठीक. पण लवकर ओळखायचे कसे? सुरुवातीला या आजारात मूल रडत नाही, डोळा दुखत नाही, लालही होत नाही. ठरावीक कोनातून उजेड पडला तर बाहुलीच्या मागे पांढरट किंवा पिवळसर झाक दिसते. अंधारात मांजराचे डोळे चमकतात तशी. वॉर्ड्रॉप यांना व्हिएन्नात भेटलेल्या बेअर यांनी अशा चमकणाऱ्या, दृष्टी गेलेल्या डोळ्याला पुढे मांजराच्या डोळ्याचेच नाव दिले. पण डॉक्टरला ती झाक दिसली तरी तिच्यामागे काय आहे, हे पाहण्याचे साधन नव्हते. आतली सूज किंवा पू साचण्यानेही डोळा तसाच दिसू शकतो. म्हणजे हसत-खेळत असलेल्या मुलाचा, न दुखणारा डोळा केवळ संशयावरून, भूल न देता काढायचा. आईवडिलांनी होकार द्यायचा तो कशाच्या भरवशावर? आणि शल्यविशारदाने सुरी उचलायची ती कोणत्या खात्रीवर?

वॉर्ड्रॉप यांच्या सल्ल्याची अडचण ही होती. त्यांचे उत्तर बरोबर होते, पण ते अमलात आणायला लागणारी साधने जगात नव्हती.

लंडनमध्ये त्यांनी आणखी काय केले?

बरेच काही. स्कॉटलंडमधील एका धर्मोपदेशकाचा मुलगा जेम्स मिचेल जन्मतः बहिरा होता आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्याने जवळजवळ आंधळाही. स्पर्श आणि वास यांच्या आधारे जग ओळखणाऱ्या या मुलाबद्दल डुगल्ड स्ट्युअर्टसारख्या तत्त्ववेत्त्यालाही कुतूहल होते. वॉर्ड्रॉप यांनी त्याच्या डोळ्यावर शस्त्रक्रिया केली, थोडीफार दृष्टी आली, आणि १८१३ मध्ये त्यांनी त्याची हकिकत प्रसिद्ध केली. नंतर जन्मांध असलेल्या एका मध्यमवयीन स्त्रीला शस्त्रक्रियेने दिसू लागल्यावर तिचा मेंदू या नव्या दृष्टीचा अर्थ कसा लावतो, याचेही वर्णन त्यांनी १८२६ मध्ये लिहिले.

मानेतल्या मोठ्या रक्तवाहिनीला फुगा आला की तो फुटून माणूस दगावतो. फुग्याच्या आणि हृदयाच्या मध्ये वाहिनी बांधून टाकणे हा तेव्हाचा उपाय. पण फुगा अगदी खाली असेल तर तिथे जागाच नसते. वॉर्ड्रॉप यांनी १८२५ मध्ये एका वृद्ध स्त्रीची वाहिनी फुग्याच्या पलीकडच्या बाजूला बांधली. मूळ कल्पना ब्रासदॉर या फ्रेंच शल्यविशारदांची. वॉर्ड्रॉप यांनी ती प्रत्यक्षात यशस्वी करून दाखवली.

१८२६ मध्ये त्यांनी एजवेअर रोडजवळ नटफोर्ड प्लेस इथे गरिबांसाठी एक शस्त्रक्रिया रुग्णालय सुरू करण्यात पुढाकार घेतला. तिथे आठवड्यातून एकदा कोणत्याही डॉक्टरने यावे, शस्त्रक्रिया पाहाव्यात, चर्चा करावी, कोणतेही शुल्क नाही. मोठी रुग्णालये आपले वॉर्ड पैसे भरणाऱ्या विद्यार्थ्यांपुरते राखत असताना हा प्रयोग वेगळा होता. तो परवडला नाही. सुमारे दहा वर्षांनी बंद पडला.

दरबारात मात्र त्यांचे बस्तान बसलेले होते. १८१८ मध्ये ते युवराजांच्या शल्यविशारदांपैकी एक झाले. हेच युवराज पुढे राजे चौथे जॉर्ज. त्यांनी देऊ केलेला बॅरोनेट हा किताब वॉर्ड्रॉप यांनी नाकारला. १८३० मध्ये राजाच्या अखेरच्या आजारपणात दरबारच्या वैद्यांनी वॉर्ड्रॉप यांना दूर ठेवले. तो सल त्यांच्या मनात राहिला. त्यांचे मित्र टॉमस वॅकली यांनी १८२३ मध्ये लॅन्सेट हे वैद्यकीय साप्ताहिक सुरू केले होते. बड्या डॉक्टरांची मक्तेदारी, नातेवाइकांच्या नेमणुका यांवर ते तुटून पडत असे. त्याच लॅन्सेटमध्ये १८३४ मध्ये ब्रूटस या टोपणनावाने एक लेखमाला आली. बड्या डॉक्टरांची खासगी पत्रे वाटेत हाती लागली आहेत, असे भासवून लिहिलेली ही काल्पनिक पत्रे होती. राजवैद्य सर हेन्री हॅलफर्ड आणि शल्यविशारद सर बेंजामिन ब्रॉडी यांची त्यात यथेच्छ टर उडवली होती. लेखक वॉर्ड्रॉप होते. त्यानंतर व्यवसायातल्या प्रस्थापितांशी त्यांचे कधी जुळले नाही.

साधने कधी आली?

वॉर्ड्रॉप दीर्घायुषी ठरले, त्यामुळे बरेच काही त्यांच्या हयातीत घडले. १८४१ मध्ये लियाँचे बॉने आणि डब्लिनचे ओफेरॉल यांनी स्वतंत्रपणे एक नवे तंत्र मांडले. डोळ्याच्या गोळ्याभोवती एक पातळ आवरण असते. त्याच्या आतून गेल्यास डोळ्याला जोडलेले स्नायू एकेक करून कापता येतात आणि शेवटी नस कापली की गोळा अखंड बाहेर येतो. खोबण खरवडावी लागत नाही. रक्तस्राव कमी होतो. १८४६ मध्ये बोस्टनला ईथरची भूल देऊन शस्त्रक्रिया झाली. पुढच्याच वर्षी वॉर्ड्रॉप यांच्याच एडिंबरात जेम्स सिम्पसन यांनी क्लोरोफॉर्म वापरले. तेव्हा वॉर्ड्रॉप पासष्टीचे होते. १८५१ मध्ये हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी डोळ्याच्या आत पाहण्याचे ऑफ्थॅल्मोस्कोप हे उपकरण जगापुढे आणले. मांजराच्या डोळ्यासारख्या चमकेच्या मागे काय दडले आहे, हे पहिल्यांदाच जिवंत मुलात दिसू लागले.

या तिन्ही गोष्टी हाताशी असलेल्या पहिल्या पिढीतले सर्वात मोठे नाव म्हणजे बर्लिनचे आल्ब्रेख्त फॉन ग्रेफ. डोळा काढताना नस अगदी गोळ्यालगत कापू नका, जमेल तितकी मागे जाऊन लांब तुकड्यासह काढा, यावर त्यांनी भर दिला. गाठ नसेतून मागे सरकते, हे वॉर्ड्रॉप यांनी दाखवले होतेच. ग्रेफ यांनी त्यावरून सुरी कुठे चालवायची ते ठरवले. डोळा काढल्यानंतर जगलेल्या मुलांच्या नोंदी हळूहळू वाढू लागल्या.

१३ फेब्रुवारी १८६९ रोजी लंडनमध्ये वॉर्ड्रॉप यांचे निधन झाले. वय ८६. रेटिनोब्लास्टोमा हे नाव त्यांनी कधी ऐकले नाही. ते १९२६ मध्ये अमेरिकेतील नेत्रतज्ज्ञांच्या संघटनेने स्वीकारले. मध्ये काही काळ या गाठीला मेंदूच्या गाठींच्या गटातले ग्लायोमा हे नाव होते. दृष्टिपटलातूनच ती येते, हे वॉर्ड्रॉप यांचे म्हणणे सूक्ष्मदर्शकाखाली पक्के झाल्यावर नाव बदलले. १९७१ मध्ये अल्फ्रेड नुडसन यांनी ४८ रुग्णांच्या नोंदी तपासून, या आजारासाठी पेशीत दोनदा बिघाड व्हावा लागतो, असा सिद्धांत मांडला. १९८६ मध्ये त्यामागचे आरबी-१ हे जनुक वेगळे करण्यात आले. कर्करोगाला लगाम घालणारे, असे हातात आलेले ते पहिले जनुक.

आजही डोळा काढावा लागतो का?

दर वेळी नाही. गाठ लहान असेल तर लेसर, अतिशीत उपचार, औषधे थेट डोळ्याच्या रक्तवाहिनीत सोडणे असे पर्याय आहेत. त्यातून डोळा आणि काही वेळा दृष्टीही वाचते. वेळेत निदान आणि पूर्ण उपचार मिळतात त्या देशांत ९५ टक्क्यांहून अधिक मुले जगतात. जिथे मूल उशिरा पोहोचते तिथे हे प्रमाण झपाट्याने खाली येते.

गाठीने डोळा व्यापला असेल आणि दृष्टी परत येण्याची आशा नसेल, तर डोळा काढणे हाच सुरक्षित मार्ग राहतो. भूल दिलेली असते, रिकाम्या खोबणीत गोळा बसवला जातो आणि काही आठवड्यांनी दुसऱ्या डोळ्याशी मिळताजुळता कृत्रिम डोळा लावतात. गाठ खोबणीत पसरली असेल, तर आधी केमोथेरपीने ती आक्रसवून मग डोळा काढतात आणि त्यानंतर रेडिएशन देतात. खोबणीतले सर्व काही, प्रसंगी पापण्यांसह, काढून टाकण्याची वेळ आता मुलांमध्ये क्वचितच येते.

दुसरा प्रश्न भावंडांचा. सुमारे ४० टक्के रुग्णांमध्ये हा बिघाड आनुवंशिक स्वरूपाचा असतो. म्हणून एका मुलाला आजार निघाला की त्याच्या भावंडांचे डोळेही तपासायला सांगतात, त्यांना काहीही त्रास नसला तरी.

काढलेला डोळा पॅथॉलॉजी विभागात जातो. तिथे सर्वात आधी आणि सर्वात काळजीने पाहिले जाते ते नसेचे कापलेले टोक. तिथे पेशी सापडल्या तर पुढचे उपचार वाढतात. टोक स्वच्छ असेल आणि डोळ्याच्या भिंतीतही गाठ खोल शिरलेली नसेल, तर अनेक मुलांना त्या डोळ्यासाठी आणखी कोणताही उपचार लागत नाही. फक्त तपासणीला येत राहावे लागते.